नववा फटका

भूत, करणी, उतारा... असलं काही सांगायला कुणी आलं की मी तोंडावर हसायचो. सगळी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून गेली. पुराव्याशिवाय बायकोवरसुद्धा विश्वास ठेवत नाही, असं तीच म्हणते. तरी हे लिहितोय. हसायचं तर हसा.

आमचं शहर तेव्हा औरंगाबादच होतं. आरोपी फर्दापूरकडच्या डोंगरातला भिल्ल, तिशीचा. बकऱ्या ज्वारीत शिरल्या म्हणून मळ्याच्या राखणदाराशी भांडण झालं आणि यानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, त्याची कवटी फोडली. एकच घाव. मेंदू बाहेर आलेला फोटो फाइलमध्ये होता. मळ्यावरचे गडी साक्षीत म्हणाले, राखणदारानं हातसुद्धा उचलला नव्हता. आरोपी खटलाभर 'व्हय', 'नाय' यापुढं गेला नाही. त्याची म्हातारी आई दर तारखेला व्हरांड्यात, अगदी माझ्या दाराशी बसायची. मी जाता-येता खेकसायचो, "म्हातारे, बाजूला सरक."

सदोष मनुष्यवध सिद्ध झाला. शिक्षा देण्याआधी आरोपीला विचारावंच लागतं, तुला काय म्हणायचंय. जज मॅडमनी विचारलं आणि हा गडी पहिल्यांदा बोलला... त्यांच्या भिल्ली बोलीत, खाली मान घालून, पाच-सात मिनिटं. सरकारनं दिलेला वकील घड्याळ बघत म्हणाला, "दया मागतोय, मॅडम." मला ते ऐकायचीही गरज नव्हती. 'आरोपी गरीब असून घरातला कर्ता आहे, दया दाखवावी' — हे वाक्य माझ्याकडं तयारच असायचं, प्रत्येक आरोपीच्या तोंडी मी तेच घालायचो. शिक्षा दहा वर्षं, असं मॅडमनी मला सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सही झाली की संपलं.

दुपारी चारला ते वाक्य टाईप करायला घेतलं — आणि पाठीत फाडकन काठी बसली. मागं वळलो तर भिंत. दुसरी खांद्यामागं. तिसरीला खुर्चीसकट आडवा झालो. श्वास कोंडला, तोंडात रक्ताची चव आली... कुणी दिसत नव्हतं, नुसता काठीचा आवाज. शिपाई रज्जाकभाई धावत आले. "क्या हुआ साब? इधर तो कोई नै." त्यांच्यादेखत मी मार खात होतो. शेवटचा फटका अडवायला हात वर केला तो डाव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

गारखेड्याला घरी आल्यावर शर्ट काढला. बायको हळद लावता लावता मोजत होती. "पाठीवर आठ, मनगटावर एक. या वयात कुणाशी मारामारी करून आलात हो?" भ्यालो होतो, सरळ सांगतो.

सकाळी चेंबरमध्ये गेलो. फटक्यांचं सांगितलं नाही. वेड्यात काढलं असतं. एवढंच म्हणालो, "मॅडम, तो काल जे बोलला ते मी लिहिलेलंच नाही. माझं नेहमीचं वाक्य टाकलंय." मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी भिल्ली जाणणारे एक शाळामास्तर बोलावून घेतले.

आरोपी पुन्हा बोलला, मास्तर मराठीत सांगत गेले. "राखणदारानं मला काठीनं झोडपलं. आठ फटके खाल्ले, हात जोडून. आई सोडवायला मधी आली. नववा तिला बसला. तिचं हाड वाजलं, मग मी कुऱ्हाड घेतली."

मॅडमनी त्याला सदरा काढायला सांगितलं. पाठीवर फुटलेल्या कातडीचे वण होते. मी मोजले. आठ... माझ्या पाठीवर जिथं वळ होते, तिथंच.

म्हातारीला आत बोलावलं. डावं मनगट वाकडंच जुळलेलं.

"आजी, इतके दिवस बोलला का नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"कुणी इचारलं, बाई?"

दहाची चार वर्षं झाली. बाहेर पडताना म्हातारी माझ्या टेबलापाशी थांबली. माझ्या मनगटाला पट्टी होती. तिनं बरोबर दुखऱ्या जागी अंगठा ठेवला. "पावसाळ्यात लई ठणकंल," म्हणाली आणि गेली.

एक्स-रे काढला, तीन डॉक्टर झाले. हाड कधी मोडलंच नव्हतं म्हणतात. पाठीवरचे वळ आठवड्यात गेले. मनगट मात्र आषाढ लागला की ठणकतं... का, ते मला आजही माहीत नाही. त्याआधी किती जणांच्या तोंडी मी ते वाक्य घातलं, तेही मला माहीत नाही.