शोभेच्या माशांचं चालतं दुकान

मी बांद्याची. माहेरी भात, काजू, आंबे; मासळी यायची ती बाजारातून, टोपलीत. लग्न होऊन समुद्राकाठच्या मिठबावला आले तेव्हा तारली कुठली आणि पेडवा कुठला हे सासूबाईंनी मला शिकवलं, तेही चार शेजारणींसमोर. "मास्तरीण आसा, पण मासो वळखूक येना नाय," असं त्या कौतुकाने सांगत. त्या मासे विकायच्या. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि नवरा होडीवर जायचा. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवली की नवरा जाळी विणत बसे, आणि घरात माझा एकटीचा पगार.

दोन हजार सातच्या सुमाराला आम्ही टेलिफोनच्या तारेवरून चालणारं इंटरनेट घेतलं. त्यावर मला एक दिवस नवीनच माहिती मिळाली: लोक चालत्या वेबसाइट विकतात आणि विकतही घेतात, चालतं हॉटेल घ्यावं तशा. वेबसाइटवर जाहिराती असतात, माणसं येऊन बघतात, आणि मालकाला घरबसल्या पैसे मिळतात. पावसात बुडणार नाही असा जोडधंदा! माझ्या डोक्यात तो किडा वळवळायला लागला.

शोधता शोधता पुण्याच्या एका इंजिनिअरची वेबसाइट सापडली. काचेच्या टाकीत ठेवतात त्या शोभेच्या माशांविषयीची. लोक आपल्या माशांच्या तक्रारी लिहीत, त्यांना उत्तरं मिळत, बाजूला जाहिराती. तो परदेशी चालला होता म्हणून विकत होता. फोनवर म्हणाला, "मॅडम, आपोआप चालते. तुम्ही झोपलात तरी चालते."

मी घरात हे सांगितलं. नवरा म्हणाला, तुझे पैसे, तू बघ. सासूबाई मासळीची पाटी धूत होत्या.

"चलता म्हणतंस, मगे तो इकता कित्याक?"

"परदेशात चाललाय, आई."

"थंयसर काम्पुटर नाय?"

मी हे इंजिनिअरला विचारलं तर तो हसून म्हणाला, "काकूंना सांगा, वेळ मिळणार नाही." आपोआप चालणाऱ्या गोष्टीला वेळ कशाला लागतो, हे तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. मी बँकेचा ड्राफ्ट काढून पाठवला, त्याने पासवर्ड दिले, आणि मी मालकीण झाले.

पहिला आठवडा मी हवेत होते. शाळेत जाण्यापूर्वी कमाईचं पान उघडून बघायचं, आल्यावर परत बघायचं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की प्रश्न साचत चाललेत आणि उत्तर कोणीच देत नाही. म्हणजे आजवर सगळी उत्तरं तो इंजिनिअर स्वतः देत होता, रोज, मनापासून. लोक वेबसाइटवर नव्हे, त्याच्याकडे येत होते. दुकान मी घेतलं होतं, दुकानदार विमानात बसून गेला होता.

पहिला प्रश्न अजून आठवतो. एकाचा सोनेरी मासा दोन दिवस कुशीवर पडून होता, काही खात नव्हता. मी तो सासूबाईंना समजावून सांगितला. मासे म्हटल्यावर घरात दुसरं कोणाला विचारणार?

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "डोळे चकचकीत आसत? कल्ले लाल आसत?"

"आहेत म्हणे."

"मगे खावक काय हरकत नाय."

मी दुसऱ्या वेबसाइट वाचून पुस्तकी उत्तरं लिहायला लागले. लोकांना ती लगेच ओळखू आली. चेन्नईच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "इथे पूर्वी जे उत्तर द्यायचे ते तुम्ही नव्हे." येणारी माणसं रोडावली, कमाईचं पान उघडायची मला धास्ती वाटू लागली.

मग हैदराबादच्या एका बाईंचा प्रश्न आला. नवी मोठी टाकी, महागाचे मासे, आणि सगळे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडझाप करतायत. मी सहज मोठ्याने वाचला. सासूबाई भात वाढता वाढता थांबल्या.

"तोंडा उघडून वर येतत? पाण्यात वारो नाय त्यांका. दिसाक कितीदा खावक घालता ती?"

"पाच वेळा, असं लिहिलंय."

"पाच वेळा! माका कोण घालता पाच वेळा?" त्यांनी डाव खाली ठेवला. "माझ्या म्हायेरच्या पाण्याच्या बावीत मासे हुते. त्यांका कोण खावक घाली? तरी जगले. उरलेला कुजता आणि पाणी मरता. तिका सांग, खाणा बंद कर, अर्धा पाणी काढ. आणि नळाचा पाणी तसाच ओतू नको, औषधाचो वास येता तेका. एक दीस भायर ठेव, मगे घाल."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं आणि वर लिहिलं, "माझ्या सासूबाई पन्नास वर्षं माशांमध्ये वावरल्या आहेत, त्या म्हणतात." चार दिवसांनी उत्तर आलं: सगळे मासे ठणठणीत, सासूबाईंना नमस्कार. खाली दुसऱ्याने विचारलं होतं, "त्यांच्याकडे एकूण किती मासे आहेत?" मी खोटं बोलले नाही. लिहिलं, "हंगामात रोज दोन पाट्या भरतील इतके." सगळे थक्क झाले.

तिथून पुढे घराची घडी बदलली. सासूबाई दुपारी बाजारातून येत, पाय धूत आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसत. "आज कोण आजारी?" एकाने छोट्या भांड्यात अकरा मासे कोंबले होते. "तेका सांग, शिमग्याची एस्टी भरलंस मेल्या!" मी भाषांतर केलं: जत्रेची बस. एकदा त्या पायाशी विळी घेऊन सुरमई कापत असताना बंगळुरूच्या माशाचा आजार ऐकत होत्या. उत्तर सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला, मला उगीच हसू फुटलं.

एक प्रश्न मात्र शाळकरी मुलीचा होता. मासा मेला होता. माझं काय चुकलं, असं तिने विचारलं होतं. सासूबाईंनी मला तो प्रश्न पुन्हा वाचायला लावला. रोज पाटीभर मेलेले मासे विकणारी बाई.

"तिका सांग, तुझा काय चुकला नाय. तेचे दीस भरले हुते," त्या म्हणाल्या, आणि उठून मागच्या परड्यात गेल्या.

हळूहळू माणसं परतली. श्रीमंत झालो नाही, पण जून-जुलैचं वाणसामान त्या कमाईतून यायला लागलं, आणि नवरा पहिल्यांदा म्हणाला, "बरा चल्ला तुमचा."

दोन हजार दहात माझ्यावर शाळेची जास्त जबाबदारी आली आणि मी वेबसाइट विकायची ठरवली. कोल्हापूरचे एक निवृत्त गृहस्थ आले, घरात स्वतःच्या टाक्या असलेले. त्यांनी सगळे आकडे पाहिले, चहा घेतला, मग घुटमळत म्हणाले, "आणि त्या सासूबाई? त्या धरूनच किंमत आहे ना?"

आतून आवाज आला, "माका पण इकतंस काय गो?"

गृहस्थ उभेच राहिले. "तसं नाही मावशी, पण तुमच्याशिवाय काय घेऊ मी?"

सासूबाई बाहेर आल्या, पदर खोचला, आणि बाजारात बोलतात त्याच आवाजात सौदा सुरू केला. प्रश्न विचारायचे ते फक्त सोमवारी; सोमवारी निम्मं गाव मासे खात नाही, बाजार थंड असतो. फोन जेवणानंतर. आणि फोनचं बिल त्यांचं. गृहस्थांनी सगळं कबूल केलं.

सोमवारचे फोन सुरू झाले. कोल्हापूरच्या माणसाला मालवणी बऱ्यापैकी कळायची, त्यामुळे भाषांतराला माझी गरज उरली नाही. मी पेपर तपासत बसे आणि कान मात्र तिकडे. महिन्याभराने ते गृहस्थ पुन्हा दारात उभे. टाकीतल्या माशांचं काहीतरी झालं असणार म्हणून मी घाबरले. पण त्यांच्या हातात थर्माकोलचा डबा होता, बर्फाने भरलेला. सुरमई न्यायला आले होते. सासूबाईंनी त्यांना आत बसवलं, जेवू घातलं, चांगली मोठी सुरमई निवडून दिली, आणि भाव एक रुपयाही कमी केला नाही.