रामटेकची दुसरी लाइन

कॉम्प्युटर नेटवर्कचं डिझाइन करणाऱ्याला नेमकं काय काम असतं, असं कॉलेजातल्या मुली मला विचारतात. मी सांगते, आपल्या हातानं आपली गरज संपवायची. त्या हसतात. हसू द्या, त्यांचं अजून काही बिघडलेलं नाही.

लकडगंजात तांदळाच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे मी नोकरीला होते. ऑफिस तिथे, गोदाम खाप्याला, गिरणी रामटेकला. तिन्हीकडचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले ठेवायचे, हे माझं काम. कागदावर नकाशा काढायचा आणि प्रत्येक रेघेपाशी थांबून विचारायचं, ही तुटली तर काय? या धंद्यात माणूस संशयी होतो. मी लग्नाच्या मांडवातसुद्धा आधी जनरेटर कुठे ठेवलाय ते बघते.

रामटेकला एकच लाइन होती. वेगळ्या रस्त्यानं दुसरी टाका, म्हणून मी हात धुऊन शेठजींच्या मागे लागले. पहिली चालू असताना दुसरी कशाला, हे त्यांचं पालुपद. भांडून भांडून ती मिळवली. काम संपलं की आमच्यात एक रीत असते, मालकासमोर चालू तार उपटून दाखवायची. मी उपटली. पडद्यावरचे आकडे सरकत राहिले. शेठजींनी पेढे मागवले. पेढा खाताना ते माझ्याकडे असे टक लावून बघत होते, की मी ओढणी सावरली. त्यांच्या डोक्यात भलतंच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सुट्टीवर धाडलं. मला कोणी फोन करायचा नाही, अशी ऑफिसात तंबी दिली. तुमच्याशिवाय कुठे अडतं ते पाहू, असं तोंडावर सांगितलं. इतका उघड हलकटपणा मी तोवर पाहिला नव्हता.

घरी बसून मी वाट पाहत होते. काहीतरी बंद पडावं. उंदरांनी तार कुरतडावी, वीज पडावी, मुनीमजींनी मशीनवर चहा सांडावा. माझ्याच कामाचं वाटोळं व्हावं म्हणून मी झुरत होते आणि त्याची मला जराही लाज वाटत नव्हती. दोन मुलांची शाळा माझ्या पगारावर चालायची, लाज परवडणारी नव्हती.

सुट्टी संपवून गेले, तर शेठजी मुनीमजींसमोरच बोलले.

"रामटेक रोडवर जेसीबीनं तुमची पहिली लाइन तोडली, मॅडम. गिरणीतल्या लोकाईले पत्ताच नाही लागला. दुसऱ्या लाइनीवर काम चालूच होतं. मंग तुमाले आता ठेवू काहून?"

मुनीमजी फिदीफिदी हसले. खरं सांगायचं तर शेठजींचं शेवटचं वाक्य मी ऐकलंच नव्हतं. लाइन तुटली आणि गिरणी थांबली नाही, एवढंच कानात शिरलं होतं आणि माझी छाती फुगली होती. नोकरी गेली त्या क्षणी मी त्या माणसापुढे हसत उभी होते, याचा राग अजून जात नाही.