कोच आणि माझी कबड्डी

"ग्रँड!" म्हणायचं आणि टोपी गुडघ्यावर आपटायची, ही आमच्या कोचची सवय. पाऊस आला, ग्रँड. कुणाचा पाय मुरगळला, ग्रँड. हरलो, तर जरा जास्तच ग्रँड. आयर्लंडात राहिलेल्या वाचकांना सांगायला नको, इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, तर 'ठीक आहे, चालायचंच'; या एका शब्दावर सगळं निभावून जातं.

इथल्या ल्यूकन गावात ते माझे शेजारी. अमेरिकन फुटबॉल म्हणजे काय हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हापासून ते खेळत होते. या खेळाचं हेल्मेट मिळत नव्हतं, म्हणून सुरुवातीला मोटरसायकलचं हेल्मेट घालून सराव करायचे. त्यांच्या आईला वाटलं, पोराने चोरून मोटरसायकल घेतली. तिने अबोलाच धरला. "घेतली असती तर परवडलं असतं, निदान गुडघे तरी शाबूत राहिले असते," ते हसून सांगायचे.

पुढे त्यांनी स्वतःचा संघ काढला. म्हातारपणी त्यांना एकच धास्ती होती: खेळाडू मिळाले नाहीत तर तो बंद पडेल. म्हणून कुंपणावरून त्यांनी मला हेरलं. पुण्यात कॉलेजात मी कबड्डी खेळायचो, एवढं भांडवल त्यांना पुरलं.

पहिल्याच सामन्यात चेंडू घेऊन मी सुसाट सुटलो. चेंडूसकट ओलांडली की गुण मिळतात ती शेवटची रेष अगदी समोर, मध्ये एकच गडी. कबड्डीत गडी शिवला की आपल्या अंगणात परतायचं असतं. मी त्याच्या खांद्याला हात लावला आणि गर्रकन माघारी फिरलो! वर आनंदाने हातही उंचावले. आमचेच खेळाडू तोंड वासून पाहत होते. सामना अर्थातच गेला.

"ग्रँड," कोच म्हणाले. "फक्त पुढच्या वेळी तिकडेच राहा."

"पुढची वेळ नकोच, कोच. हे माझं काम नाही."

त्यावर मात्र ग्रँड आलं नाही. टोपी हातातच राहिली. "तूही गेलास तर संघ मोडेल रे," एवढंच म्हणाले. मी संघात थांबलो.

हिवाळ्यात ते गेले. संघ मात्र टिकला. थंडी ओसरल्यावर पहिला सामना झाला, तेव्हा पुन्हा तसाच एक गडी माझ्यासमोर आला. हात शिवशिवले, पण त्याला चुकवून मी रेष ओलांडली आणि तिकडेच उभा राहिलो. पोरांनी अंगावर उड्या टाकल्या. मी सवयीने मैदानाच्या कडेला पाहिलं. कोच उभे राहायचे ती जागा रिकामी होती. त्यांची फार आठवण आली. हेल्मेट काढायला मी जरा वेळच लावला.