तरोट्याला लागलेलं माझं खतपाणी

निंदण काढण्यात माझा हात धरणारा माणूस ऊर्जानगरात नाही. एका पावसाळ्यात वीस फुटांचा एकच वाफा मी पाच वेळा निंदला, आणि पाचही वेळा तो आधीपेक्षा हिरवा झाला.

हा वाफा आमच्या क्वार्टरच्या कुंपणालगतचा. तिथे माझ्या बायकोची, सुनंदाची, भेंडी आणि अंबाडी असायची. पण कॉलनीत बागांची स्पर्धा जाहीर झाली आणि मला झेंडू सुचला. (वीज केंद्रात बॉयलरपाशी पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला काहीही सुचतं.) मी भेंडी उपटायला वाकलो तर सुनंदा वाफ्यात येऊन उभी राहिली.

"लावा झेंडू. पण बक्षीस नाई आलं तं हा वाफा कायमचा माहा. मंग फुलाचं नाव काढाचं नाई."

"मंजूर. पयला नंबर आणून तुह्या हातात ठेवतो."

रोपं लावली. खत मात्र मी असंतसं आणलं नाही. गोंडपिपरीजवळच्या सासुरवाडीतून, थेट तिथल्या उकिरड्यातून, काळंभोर शेणखत आणलं. दोन पोती मोटरसायकलला बांधून! वाटेत लोक नाकाला रुमाल लावत होते आणि मी त्यांना हात दाखवत होतो.

आठ दिवसांत वाफा हिरवागार. मी नाचायचाच बाकी होतो. सुनंदानं वाकून पाहिलं.

"अवो, हा तं तरोटा होय."

तरोटा म्हणजे पावसात जागा दिसेल तिथे उगवणारं तण. आमच्याकडे त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात, म्हणून त्याला कोणी शिव्या देत नाही. मी दिल्या. त्या गर्दीत माझा झेंडू काडी होऊन उभा होता. मी सगळा तरोटा उपटला, सुनंदानं भाजी केली, आणि झेंडू अशक्त झालाय म्हणून रविवारी मी गोंडपिपरीहून आणखी एक पोतं आणलं.

पुढच्या आठवड्यात तरोटा दुप्पट.

आता माझं डोकं फिरलं. शेजारी निखाडेभाऊंचा वाफा, तिथे तणाची काडी नाही. दर वर्षी पहिला नंबर त्यांचाच. मला एकदम सगळा डाव कळला. मी तडक कुंपणापाशी गेलो.

"भाऊ, तुमी काऊन माह्या वाफ्यात तरोट्याचं बी फेकून राह्यले?"

निखाडेभाऊंनी झारी खाली ठेवली. "मी? मले दुसरे कामं नाईत का?"

"मंग तुमच्या इथी काऊन नाई उगवत?"

"मले काय माहीत बाप्पा. मी तं बाहेरचं खतच टाकत नाई."

खत टाकत नाही म्हणे! इतका खोटारडा माणूस शेजारी असून मला पत्ता नव्हता. मी त्याच दिवशी कुंपणाला जुने पत्रे ठोकले, म्हणजे बी फेकायची सोयच नको. आणि झेंडूच्या जिवासाठी अजून एक पोतं टाकलं. मग निंदण, भाजी, पोतं. पुन्हा निंदण, भाजी, पोतं. घरातली पोरं ताटात हिरवं दिसलं की उठून जायला लागली.

परीक्षणाच्या दिवशी सकाळीच सासूबाई आल्या. बॅग ठेवली आणि सरळ वाफ्यात बसून तरोटा खुडायला लागल्या.

"बापू, खत उकिरड्याच्या कोन्या बाजूनं काढलं?"

"कडेचं. तिथी मस्त भुसभुशीत होतं."

"तिथीच तं दर साली तरोटा वाढते. वाळते न् सारं बी तिथीच पडते. तुमी पेरणीच करून राह्यले की."

पत्र्यापलीकडून आधी खोकल्याचा आवाज आला. मग पत्रा हलायला लागला. निखाडेभाऊ त्याला धरून हसत होते. मला इतकी लाज वाटली की वाफ्यात तोंड लपवावं म्हटलं. तेवढ्यात परीक्षक बाई फाटकातून आत आल्या.

"झेंडू कुठी आहे?"

मी बोटानं दाखवला. त्यांना दिसला नाही. त्यांची नजर सासूबाईंच्या भरलेल्या पदरावर गेली.

"अगंबाई, किती कोवळा तरोटा! सुनंदाबाई, एक जुडी द्या ना."

संध्याकाळी निकाल लागला. फुलबागेत पहिले निखाडेभाऊ. परसबागेत, तरोट्याच्या भाजीसाठी, उत्तेजनार्थ बक्षीस सौ. सुनंदा.

"बक्षीस तं आलं ना?" मी हळूच म्हणालो.

"माह्या नावानं आलं. उद्या भेंडी लावतो," सुनंदा म्हणाली. "ते बक्षीस उचला, मले जड होते."

बक्षीस म्हणजे शेणखताचं पोतं होतं. ते खांद्यावर घेऊन, माफी मागावी म्हणून, मी तसाच निखाडेभाऊंकडे गेलो. त्यांनी खिडकीतून मला पाहिलं, पोत्याला पाहिलं, आणि आतून कडी लावली.