भाऊसोंनी रिमोट दुरुस्त केला

भाऊसो धनवड्यांना एकच गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे ‘मला येत नाही’ असं म्हणणं. हे त्यांचं स्वतःचंच मत. टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून चौतीस वर्षं काढली, राधानगरीच्या पावसात खांबावर चढून तारा जोडल्या, आणि त्या बळावर निवृत्तीनंतर मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांचा पंखा, जे हाताला लागेल ते उघडून बसायचे. उघडलेलं सगळं पुन्हा मिटायचंच असं नाही. “आमच्या घरात स्क्रू उरत्यात, वस्तू उरत न्हाईत,” असं तेच पाहुण्यांना सांगत.

२००६ साली त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि वाकून शटर उचलायला डॉक्टरांनी मनाई केली. पुण्याच्या मुलानं, संघर्षनं, गॅरेजच्या शटरला मोटर बसवून दिली. काडेपेटीएवढा रिमोट, वर दोन बटणं. भाऊसो तो शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवत आणि कुणी आलं की काही कारण नसताना शटर वरखाली करून दाखवत.

त्या रविवारी साडेअकराला मुरगूडमध्ये त्यांच्या बायकोचा, शेवंताबाईंचा, सत्कार होता. तिथल्या प्राथमिक शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं शिकवलं, रोज एसटीनं जाऊन-येऊन. आता त्यांच्याच विद्यार्थिनींनी कार्यक्रम ठेवला होता आणि पत्रिकेत दोघांची नावं घातली होती. भाऊसोंचे युनियनमध्ये चार सत्कार झाले, चारही वेळा शेवंताबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एवढंच मागितलं, “या खेपेला तुमी माझ्या शेजारी बसायचं. आन् गाडीनं जाऊया.”

नऊ वाजता भाऊसो स्वयंपाकघरातल्या दारानं गॅरेजात उतरले, गाडीत बसले आणि बटण दाबलं. मोटर घुर्रर्र करून थांबली. शटर बोटभरही हललं नाही.

त्यांना मनातून आनंदच झाला. मिक्सर दुरुस्त करून दोन महिने लोटले होते.

आधी सेल बदलला. मग आतले पत्रे खोडरबरानं घासले. मग स्टुलावर चढून रिमोट थेट मोटरीच्या नाकाला लावला. दर वेळी तेच, घुर्रर्र आणि शांतता. निळी इरकली नेसून दारात उभ्या असलेल्या शेवंताबाई म्हणाल्या, “अवं, वाजतंय की. म्हंजे रिमोट चालतोय. शटर कुठं अडकलंय काय बघा.”

“आवाज आला म्हंजे चालतंय असं नसतंय. सिग्नल अर्धाच पोचतोय.”

सिग्नल अर्धा कसा पोचतो, हे भाऊसोंनाही ठाऊक नव्हतं. पण चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं बायकोसमोर मागं कसं यायचं? त्यांनी रिमोटच्या पोटातले, मोटरीशी खूण जुळवणारे आठ बारीक खटके इकडचे तिकडं केले. त्यासरशी मोटर घुरघुरायचीही बंद झाली. म्हणजे तासाभराच्या मेहनतीनं, जे चालत होतं तेवढं बंद पाडण्यात त्यांना यश आलं.

दहा वाजले. “मी एसटी धरते. तुमी या मागनं,” शेवंताबाई म्हणाल्या.

“पाच मिन्टं थांब की.”

त्या थांबल्या नाहीत. पुढच्या दारानं रिक्षा करून स्टँडवर गेल्या. भाऊसोंना खरं तर त्यांच्या मागं पळत जावंसं वाटलं, पण हातात उघडा रिमोट होता.

खटके जागेवर बसायला सव्वाअकरा झाले. घुर्रर्र परत आलं. बाहेरून सिग्नल कसा येतो ते बघावं म्हणून भाऊसो मागच्या बोळात गेले. शटरच्या तळाला मुठीएवढं कुलूप होतं. आठवड्यामागं कॉलनीत चोरी झाली होती, आणि आदल्या संध्याकाळी ते कुलूप त्यांनीच घातलं होतं. ज्या रिमोटची गल्लीभर फुशारकी मारली, त्याच्यावर चोरांच्या बाबतीत त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. किल्लीही त्यांच्याच खिशात होती.

“भाऊसो, गाढवा,” ते स्वतःलाच म्हणाले आणि कुलूप काढलं.

मुरगुडात पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि मंडपातल्या खुर्च्या उचलल्या जात होत्या. अक्षता नावाची विद्यार्थिनी पुढं आली. “जयभीम काका, लई उशीर केलासा.” शेवंताबाई पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“झाला दुरुस्त?”

“रिमोटला काय झालंच नव्हतं. कुलूप मीच लावलंतं,” भाऊसो म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांना बोलायला लाज वाटली.

शेवंताबाईंनी पुडा त्यांच्यापुढं धरला.

सत्काराचा फोटो आज बैठकीच्या खोलीत आहे. एका खुर्चीवर शेवंताबाई, शेजारच्या मोकळ्या खुर्चीवर भाऊसोंसाठी आणलेली शाल, घडी न मोडलेली. पाहुणे विचारतात, हितं कोण बसायचं हुतं?

“मी,” भाऊसो सांगतात. “त्या टायमाला मी गॅरेजात रिमोट दुरुस्त करत हुतो.” मग कुलपापर्यंतची सगळी गोष्ट रंगवून सांगतात. पाहुणे पोट धरून हसतात, भाऊसोही हसतात. शेवंताबाई तेवढ्यात चहा टाकायला आत जातात.