सरळ केलेली प्लेट

दवाखान्यात किस्से सॅम्पलच्या गोळ्यांसारखे साठत जातात. कुणी मागत नाही आणि फेकवतही नाहीत! कर्जतला माझा छातीचा दवाखाना आहे, त्यामुळे माझ्याकडे सगळे खोकल्याचेच किस्से.

*

आमचा एक्स-रेवाला भोईर. एकदा लोधिवलीच्या एका काकांना ‘श्वास रोखून धरा’ म्हणाला आणि नेमका त्याचा फोन वाजला. बोलून परत येतो तर काका लालबुंद, डोळे बाहेर! मी ओरडलो, ‘‘अहो, सोडा की!’’

काका धापा टाकत म्हणाले, ‘‘यांनी सोडा बोललंच नाय!’’

*

मग भिवपुरीकडचा हिराजी आला. तिशीतला, लहानपणापासून खोकला, नाक कायम चोंदलेलं. टीबीचा कोर्स दोनदा झालेला, आता तिसऱ्यांदा सुरू होणार होता. घरात ताट वेगळं, ठरलेलं लग्न त्यापायीच मोडलेलं. सोबत म्हातारी आई. ती कायम त्याच्या उजव्या बाजूला बसायची आणि त्याला उबळ आली की तळहात त्याच्या छातीवर उजवीकडे ठेवायची.

मी डावीकडे स्टेथोस्कोप लावला. काहीच नाही! स्वतःच्या छातीला लावून पाहिला, धडधड व्यवस्थित. पुन्हा त्याला लावला. शांत. आणि हा माझ्याकडे बघून हसतोय! खरं सांगतो, अंगावर काटा आला.

‘‘काय झालं, डाक्टर? जिता हाय ना मी?’’

स्टेथोस्कोप उजवीकडे सरकवला, तर तिथे खणखणीत ठोके!

*

भोईरने प्लेट आणून लावली. काळीज डावीकडे! कानांनी उजवीकडे ऐकलेलं, डोळ्यांना डावीकडे दिसतंय. मला घाम फुटला. मग कोपऱ्यातलं, डावी बाजू दाखवणारं शिशाचं L दिसलं, आरशातल्यासारखं उलटं.

‘‘भोईर, प्लेट फिरवलीस?’’

‘‘सरळ केली, साहेब! काळीज डावीकडं नको?’’

हिराजीच्या पिशवीत जुन्या प्लेटा होत्या, वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या. प्रत्येकीवर नावाचं स्टिकर उलट्या बाजूला. सगळ्यांनी ‘सरळ’ करूनच पाहिल्या होत्या! मी एकेक फिरवत गेलो आणि एकेक काळीज उजवीकडे जात गेलं. भोईर बाहेर जाऊन उभा राहिला.

*

मुंबईला पाठवून तपासण्या केल्या. दुर्मीळ, जन्माचाच आजार निघाला. श्वासनळीतला कफ झाडून काढणारे बारीक केस हलतच नाहीत, आणि अशांपैकी काहींचं काळीजही उजवीकडे असतं. टीबी कधी नव्हताच! रोज कफ काढायचे व्यायाम शिकवले, तेव्हा हिराजीने एकच विचारलं, ‘‘मंग आता जेवायला सगळ्यांबरोबर बसू?’’

मी मान हलवली.

*

हा आजार भावंडांतही असू शकतो, म्हणून आईला विचारलं, ‘‘मावशी, याला भाऊ-बहीण?’’

‘‘थोरला व्हता ना. तान्हा असतानाच गेला.’’

‘‘कशाने?’’

‘‘दम लागला व्हता. दवाखान्यात नेला, तर त्यांनी नळी हिकडं लावली.’’ तिने स्वतःच्या छातीची डावी बाजू दाखवली. ‘‘बोलले, थांबलंय. मी कान लावला, तर या अंगाला वाजत व्हतं. लय बारीक. मी सांगत राहिले, कुनी ऐकलं नाय. बोलले, बाय खुळी झालीय.’’

तिने तळहात हिराजीच्या छातीवर ठेवला, उजवीकडे.

‘‘पुरताना पन वाजत व्हतं, डाक्टर.’’