हीटिंगची घरघर
नव्या रबराचा वास आला की साउथहॅम्प्टनमधलं आमचं जुनं घर आठवतं. तिथे गरम हवेचं हीटिंग होतं आणि जिन्याखालच्या कपाटात त्याचा ब्लोअर वाजत असे. वडील आजारी म्हणून त्यांना आणि आईला आमच्याकडे आणलं होतं. एका दुपारी वॉर्डमध्ये आईचा फोन आला, "अरे, घरघर लागलीय, लवकर ये." मी डॉक्टर; काय ते समजलो आणि धावत घरी पोचलो. वडील आल्याचा चहा पीत होते. "मला नाही रे, तुझ्या हीटिंगला लागलीय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने मोटरखाली रबराचे जाड तुकडे बसवले आणि आवाज बंद झाला. त्याच हिवाळ्यात वडील गेले. मी शेजारच्याच खोलीत होतो, घर अगदी शांत होतं, तरी मला काहीही ऐकू आलं नाही.